हिवाळ्यात फेंडर लायनिंग पुन्हा पुन्हा सुटतंय, टायरला घासतंय: कारण आणि इलाज

तक्रार साधारण अशी असते. दिवाळी सरली, थंडी पडली की पुढच्या चाकाकडून आवाज सुरू होतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की खरखर, खड्ड्यात गाडी बसली की घस्सकन काहीतरी घासतं, आणि महामार्गावर ८० च्या पुढे गेलं की फटफट. गॅरेजवाला चाकाच्या कमानीतलं काळं प्लास्टिक, म्हणजे फेंडर लायनिंग, सुटलंय असं दाखवतो. दोन-तीन नव्या क्लिपा दाबतो आणि आवाज थांबतो. महिन्या-दीड महिन्यात तीच बाजू आणि तोच कोपरा पुन्हा लोंबायला लागतो.

नाशिक, निफाड, दिंडोरी, सिन्नर पट्ट्यातल्या गाड्यांत याचं मूळ बहुतेक वेळा लायनिंगच्या मागे साचलेल्या काळ्या मातीत असतं. ती पावसाळ्यात आत शिरते, पाऊस गेल्यावर वाळून घट्ट होते आणि थंडीत प्लास्टिक ताठ झालं की तिचं वजन क्लिपा तोडतं. माती आत तशीच ठेवून लावलेली नवी क्लिप टिकत नाही, मग ती कितीही चांगली असो.

आधी घासतंय कुठे ते बघा

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि टॉर्च घेऊन कमानीत पाहा. टायर जिथे लागतो तिथलं प्लास्टिक गुळगुळीत, चकचकीत झालेलं असतं. हा पट्टा कुठे आहे त्यावरून निम्मं निदान होतं.

पट्टा पुढच्या बाजूला, बंपरजवळ असेल तर लायनिंगची खालची पुढची कड बंपरपासून किंवा इंजिनखालच्या प्लास्टिकच्या कव्हरपासून सुटली आहे. उंच गतिरोधकावर बंपर घासला किंवा पार्किंगच्या कठड्यावर चढला की हे होतं. सुटलेल्या कडेखाली वेगात हवा भरते आणि लायनिंग मागे टायरवर ढकललं जातं. महामार्गावरची फटफट यातूनच येते. इथे माती शोधायची गरज नाही. कड जागेवर बसवून क्लिपा बदलल्या की काम होतं. मात्र बंपरची खालची पट्टी तुटलेली असेल तर क्लिपला धरायला जागाच उरत नाही, ती आधी दुरुस्त करावी लागते.

पट्टा मागच्या-खालच्या कोपऱ्यात, पुढच्या दरवाजाकडे असेल तर मातीचाच संशय घ्या. बोटाच्या पेरांनी लायनिंगवर टकटक करा. मागे रिकामं असेल तर पोकळ आवाज येतो आणि हाताने दाबलं की प्लास्टिक आत जाऊन परत येतं. माती असेल तर आवाज बद्द येतो आणि भिंत दाबल्यासारखं लागतं. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण क्लिप लावण्याआधी ती क्वचितच केली जाते.

पट्टा कमानीच्या माथ्यावर असेल तर लायनिंगला दोष देऊ नका. सस्पेन्शनची स्प्रिंग दबून खाली बसली आहे, गाडीत वजन जास्त भरलं जातंय, किंवा कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठा टायर टाकला आहे. एकाच बाजूला, पूर्ण वळणावर, आतल्या अंगाला बारीक पट्टा दिसत असेल तर रुंद टायर किंवा बाहेरून घेतलेल्या अलॉय व्हीलचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) तपासा.

दोन आवाज लायनिंगचे वाटतात, पण नसतात. ब्रेक डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्यात खडा अडकला तर सतत किरकिर येते, स्टिअरिंग सरळ असो वा वळलेलं. वळणावर वेग घेताना येणारी कटकट एक्सलच्या जॉइंटची असते. अशा वेळी जॉइंटचं रबरी बूट फाटलंय का आणि ग्रीस बाहेर उडालंय का ते बघा.

माती आत कशी जाते आणि थंडीतच का तुटतं

लायनिंग फेंडरला, म्हणजे चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याला, सगळीकडून हवाबंद बसत नाही, तसं बसवायचंही नसतं. आतलं पाणी निघायला फटी लागतातच. द्राक्षबागेच्या शिवाररस्त्यावर किंवा कांद्याच्या ट्रॅक्टरांनी चिखल करून ठेवलेल्या रस्त्यावर टायर जो चिखल उडवतो, तो या फटींतून मागे जातो. एखादी क्लिप आधीच गेलेली असेल तर फट बोटभर होते आणि चिखल लोट्याने आत जातो. मुरमाची माती वाळली की बरीचशी झडते. काळी माती चिकट असते, ओली असताना फुगते आणि वाळताना आकसून फेंडरच्या आतल्या दुमडीला धरून बसते. पुढचा पाऊस त्यावर आणखी एक थर चढवतो. नोव्हेंबरात अवकाळी झाला तर थंडी सुरू झाल्यावरही हे चालूच राहतं.

ओल्या चिखलाचं वजन लिटरला पावणेदोन ते दोन किलो भरतं. मागच्या कोपऱ्यात चार-पाच लिटर माती सहज मावते, म्हणजे आठ-नऊ किलो वजन दोन-तीन प्लास्टिकच्या क्लिपांवर टांगलेलं राहतं. लायनिंगचं स्वतःचं वजन बहुतेक छोट्या गाड्यांत एक-दीड किलोच्या आसपास असतं आणि क्लिपा त्याच हिशोबाने दिलेल्या असतात. त्यात दर खड्ड्याला हे वजन वर-खाली आपटतं.

आता थंडीचा भाग. निफाडला थंडीच्या लाटेत पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि त्याच दुपारी पंचविशीच्या वर जातो. लायनिंग बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. हे प्लास्टिक तापमानाप्रमाणे लोखंडाच्या आठ ते बारापट आकसतं-प्रसरतं. सव्वा मीटर लांबीचं लायनिंग २० अंशांच्या फरकाने अडीच ते साडेतीन मिलिमीटर कमी-जास्त होतं, तर तेवढाच पत्रा जेमतेम पाव-तीन दशांश मिलिमीटर. हा फरक सामावून घ्यायला लायनिंगची बरीच भोकं मुद्दाम लांबट ठेवलेली असतात. मागे माती गच्च बसली की प्लास्टिकला सरकायला जागा राहत नाही. कोणी लांबट भोकात स्क्रू आवळून टाकला तरी तेच होतं. मग रोज पहाटे तो ताण क्लिपच्या मानेवर किंवा भोकाच्या कडेवर येतो आणि तिथूनच भेग निघते.

सहा अंशांना चांगलं प्लास्टिक आपोआप तडकत नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. ते ताठ होतं, धक्का कमी सोसतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सकाळच्या शिफ्टला निघालेली गाडी पहिल्याच खड्ड्यात गेली की वजनाने आधीच ताणलेली क्लिप तुटते. म्हणून तक्रार हिवाळ्यात येते, पण दुखणं पावसाळ्यात सुरू झालेलं असतं.

काढताना

हे काम दुपारी करा, गाडी तासभर उन्हात उभी करून. पहाटेच्या थंडीत क्लिप उचकटली की चांगली असलेलीही मोडते आणि लायनिंगचं भोक फाटतं.

लागणारं सामान थोडं आहे: जॅक, गाडी टेकवायचा स्टँड, चाकाचा पाना, १० चा पाना, चार पाकळ्यांचा स्क्रू ड्रायव्हर, क्लिप काढायचा दुपाखी चिमटा, टॉर्च आणि क्लिपा ठेवायला वाटी. चाक न काढता नुसतं स्टिअरिंग वळवून अर्धं लायनिंग सुटतं, पण मागचा कोपरा नीट साफ होत नाही. चाक काढाच. मागच्या चाकांना ओंडके लावा, नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, आणि जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. स्टँड लावल्यावरच घाला.

पुढच्या लायनिंगला गाडीनुसार आठ ते बारा क्लिपा-स्क्रू असतात. कमानीच्या कडेने काही, बंपरच्या खाली दोन-तीन, दरवाजाकडच्या तळाशी एक-दोन, आणि आत सस्पेन्शनकडे एक-दोन, ज्या चिखलाखाली दिसत नाहीत. सुरू करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. क्लिपचे दोन प्रकार नेहमी भेटतात. एकात मधली पिन आधी वर उचलायची आणि मग कडा काढायची. दुसऱ्यात मधली पिन आत दोन-तीन मिलिमीटर दाबायची, की कडा सैल होते. कोणता प्रकार आहे हे न पाहता पक्कड लावली तर दोन्ही मोडतात. पिनेभोवती माती बसलेली असेल तर आधी पाण्याने भिजवून जुन्या दातघासणीने साफ करा.

सगळं सुटल्यावर लायनिंग ओढू नका. मधून किंचित दुमडून, एक बाजू आधी सोडवून बाहेर घ्या. एबीएस सेन्सरची वायर, फॉग लॅम्पची वायर आणि वॉशरच्या पाण्याची टाकी याच भागात असते. काही गाड्यांत वायरची क्लिप लायनिंगलाच अडकवलेली असते. मागच्या चाकाचं लायनिंग काढत असाल तर एका बाजूला पेट्रोल भरायच्या नळीचा वरचा भाग दिसेल. तिथे धारदार हत्यार नको.

माती बाहेर

खरा इलाज इथेच आहे, म्हणून घाई करू नका. वाळलेली काळी माती सुकीच खरवडली तर फेंडरचा आतला रंग तिच्याबरोबर निघतो आणि त्या जागी गंज धरतो. आधी पाणी शिंपडून वीस-तीस मिनिटं भिजू द्या, पुन्हा शिंपडा, मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ढेकळं काढा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक वापरू नका. शेवटी कमी दाबाच्या पाण्याने वरून खाली धुवा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन वापरायची तर किमान फूटभर लांबून, आणि कनेक्टर व सेन्सरवर थेट धार नको.

तीन जागा हमखास राहून जातात. पहिली म्हणजे फेंडरच्या ओठाची आतली दुमड. तिथे बोट फिरवून बघा. दुसरी हेडलाइटच्या मागची खोबण. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, दरवाजाच्या बिजागऱ्यांसमोरचा तळाचा कोपरा. काचेच्या खाली वायपरपाशी जमणारं पाणी बहुतेक गाड्यांत याच बाजूने खाली उतरतं. तो मार्ग मातीने आणि झाडाच्या पाल्याने बुजला की पाणी तुंबतं, फेंडरचा तळ आणि दरवाजाखालची पेटी आतून कुजते, आणि बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत भोक पडलेलं असतं. थंड देशांत रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि त्याने गाड्या गंजतात. आपल्याकडे ते काम सहा महिने ओल धरून ठेवणारी माती करते. साफ झाल्यावर वायपरच्या तळाशी लिटरभर पाणी ओता. ते लगेच चाकामागे खाली ठिबकायला हवं.

इथेच आणखी एक गोष्ट सापडू शकते. थंडीत उंदीर उबेला याच पोकळीत घर करतात. वाळलेलं पाचट, चिंध्या, कुरतडलेला फोम दिसला तर वायरचं आवरण हाताने चाचपून पाहा. दरवाजाकडच्या पोकळीत कंपनीचा काळा फोमचा ठोकळा असेल तर तो फेकू नका, आवाज अडवायला दिलेला असतो. धुऊन पूर्ण वाळवा आणि परत बसवा. ओला बसवला तर तोच गंज आणतो.

पत्रा दोन-तीन तास उन्हात कोरडा होऊ द्या. गंज दिसला तर तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर मारून, पोकळीत वापरायचं मेणासारखं गंजरोधक फवारा. पाणी निघायची भोकं त्याने बंद होणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. अंडरकोटिंगचा डांबरी थर लायनिंगवर मारण्यात अर्थ नाही, पॉलिप्रॉपिलीनवर तो धरत नाही आणि पापुद्र्यांनी निघतो.

क्लिपा कोणत्या आणि किती

ढिल्या भोकात जाड क्लिप ठोकून बसवायची सवय फार नुकसान करते. भोक व्हर्नियरने मोजा. बहुतेक गाड्यांत ते ६ ते ८ मिलिमीटरचं असतं. पाव-अर्धा मिलिमीटरचा फरकही क्लिप पकडेल की निघेल हे ठरवतो. पत्र्यातलं भोक मोजायचं, लायनिंगचं नाही. लायनिंगचं मुद्दाम मोठं असतं. क्लिपची टोपी १८ ते २० मिलिमीटर रुंद हवी, लहान टोपी लांबट भोकातून ओढली जाते. तुटलेल्या तेवढ्याच बदलू नका, त्या बाजूच्या सगळ्या बदला. जुन्या क्लिपांच्या पाकळ्यांतला ताण गेलेला असतो आणि वजन नव्यांवर येतं.

दुकानात क्लिप घेताना पिन दाबून पाकळ्या पाहा. पांढुरकी रेघ उमटली तर तो माल हलका आहे. चांगल्या क्लिपा नायलॉनच्या किंवा ॲसिटलच्या असतात. नायलॉन हवेतला ओलावा धरून चिवट राहतो, कोरड्या थंडीत तो ओलावा जातो आणि क्लिप ठिसूळ होते. पाकिटातून नव्या काढलेल्या नायलॉनच्या क्लिपा वापरण्याआधी काही तास कोमट पाण्यात ठेवा, बसवताना तुटण्याचं प्रमाण कमी होतं.

स्क्रू असलेल्या जागी पत्र्याच्या भोकात चौकोनी प्लास्टिकचं ग्रोमेट असतं. स्क्रू नुसताच फिरत असेल तर ग्रोमेट गेलंय, तेच बदला. मोठा स्क्रू थेट पत्र्यात घुसवू नका, आणि फेंडरला नवं भोक तर मुळीच पाडू नका. कापलेल्या कडेवर रंग नसतो. स्क्रू टेकला की पाव फेरा आवळा आणि थांबा, म्हणजे प्लास्टिकला सरकायला वाव राहतो. बसवताना आधी माथ्याची मधली क्लिप, मग दोन्हीकडे उतरत जायचं. तळापासून सुरुवात केली तर माथ्यावर फुगवटा राहतो आणि तोच टायरला लागतो.

मडफ्लॅप बाहेरून लावले असतील तर त्यांचा स्क्रू कुठे गेला आहे ते बघा. बरेचदा तो लायनिंगच्याच तळच्या स्क्रूवर असतो आणि जाड रबराचा पूर्ण झोका लायनिंगवर येतो. फ्लॅप हवेतच, ते मागचा कोपरा वाचवतात. पण गाडीच्या मॉडेलचे, स्वतःची लोखंडी पट्टी असलेले घ्या.

भेग किंवा फाटलेलं भोक

आधी लायनिंगच्या आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं वाचा. पीपी असेल तर पॉलिप्रॉपिलीन, पीई असेल तर पॉलिइथिलीन. दोन्हींवर फेव्हिक्विक किंवा ॲरल्डाइट धरत नाही, दोन दिवसांत निघतं. भेगेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग मागून त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी (जुन्या लायनिंगचा तुकडा उत्तम) लावून दोन्हीकडे वॉशर घालून ४ मिलिमीटरच्या पॉप रिव्हेटने पक्की करा. रिव्हेटचं टोक टायरकडे येऊ देऊ नका. प्लास्टिक वेल्डिंग करणारा असेल तर तेही चालतं, फक्त सळई त्याच प्लास्टिकची हवी. फाटलेल्या भोकाला २५ मिलिमीटरचा रुंद वॉशर पुरतो.

झिप टाय हा घरी पोचण्यापुरता उपाय आहे. रस्त्यात लावायची वेळ आली तर काळी घ्या, भोक कडेपासून १० ते १२ मिलिमीटर आत पाडा आणि कापलेलं टोक टायरपासून लांब ठेवा. लायनिंग टायरला लागून कागदासारखं पातळ झालं असेल किंवा तळहाताएवढा तुकडा गेला असेल तर नवंच घ्या. लायनिंग काढून तसंच चालवणं हा पर्याय नाही. टायरने उडवलेले खडे आणि पाणी थेट वायरिंगवर, हॉर्नवर, हेडलाइटच्या मागे जातात.

बर्फाकडे जाणार असाल तर

मनाली, काश्मीरकडे गाडी नेणाऱ्यांसाठी गणित बदलतं. उणे दहाच्या आसपास पॉलिप्रॉपिलीन खरोखर ठिसूळ होतं. कमानीत उडालेला बर्फ ब्रेकच्या उष्णतेने थोडा वितळतो आणि थांबल्यावर दगडासारखा गोठतो, मग स्टिअरिंग पूर्ण वळत नाही. त्याला लाथ मारू नका, बर्फाबरोबर लायनिंगचा तुकडा निघतो. प्रत्येक थांब्यावर, भुसभुशीत असतानाच, लाकडी पट्टीने खाली पाडा. गोठलाच तर कोमट पाणी ओता, उकळतं नको. रात्री गाडी उभी करताना चाकं सरळ ठेवा. काही गाड्यांत, विशेषतः मागे, नमद्यासारखं कापडी लायनिंग असतं. ते पाणी शोषून गोठतं आणि जड होतं. परतल्यावर ते धुऊन वाळवणं सर्वांत आधी.

बर्फात पकड मिळावी म्हणून चाकाला साखळी लावायची असेल तर नाशिकमध्येच एकदा लावून बघा. टायर आणि लायनिंगमध्ये पूर्ण वळणावरही दोन बोटं जागा राहायला हवी. सैल साखळीचा फटका लायनिंग एका किलोमीटरात फाडतो, त्यामुळे शंभर-दोनशे मीटर चालवून ती पुन्हा ताणायची.

बसवल्यावर

चाक लावून गाडी खाली उतरवा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. लहान-मध्यम गाड्यांत आवळायचा जोर (टॉर्क) साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर आणि लायनिंगमध्ये १५ ते २० मिलिमीटर मोकळीक आहे का ते पाहा, मग मागच्या सीटवर तिघं बसवून पुन्हा पाहा. थोडा फुगवटा राहिला असेल तर हेअर ड्रायरने ऊब देऊन हाताने दाबा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. हॉट एअर गन असेल तर ती सतत हलती ठेवा.

चकचकीत पट्ट्यावर खडूची रेघ ओढा आणि गाडी चालवा, एकदा ओझर-पिंपळगावच्या बाजूला महामार्गावर आणि एकदा शेताच्या रस्त्यावर. पन्नास किलोमीटरनंतर रेघ शाबूत असेल तर घासणं थांबलं आहे. पुसली गेली असेल तर क्लिपा पुन्हा काढत बसू नका. टायरचा आकार आणि स्प्रिंगची उंची मोजा. त्याच थांब्यावर चाकाचे नटही पुन्हा एकदा तपासा.